खालच्या उपदाढेचा दुसरा कॅनाल राहून गेला. पुन्हा उघडावी की काढावी?

पाऊलवाट
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

खालच्या डाव्या बाजूची, सुळ्याला लागून असलेली उपदाढ किडली होती. आठ महिन्यांपूर्वी रूट कॅनाल झालं, वर कॅप बसली. पहिले पंधरा दिवस दुखलं, ते मी धरूनच चालले होते. पण नंतरही गार पाणी लागलं की त्याच जागी कळ येते. नस काढून टाकल्यावर गार लागतंच कसं? डॉक्टरांना दोनदा विचारलं. त्यांनी एक्स-रे काढला, भरणा टोकापर्यंत पोचलेला दिसत होता. "सगळं व्यवस्थित आहे, थोडा वेळ द्या," म्हणाले. महिन्याभरापासून चावतानाही ठणका लागतोय, म्हणून दुसरीकडे दाखवलं. त्या बाईंनी एक्स-रेची नळी जरा तिरपी धरून फोटो घेतला आणि म्हणाल्या, "इथे दुसरा कॅनाल आहे, तो भरलेलाच नाही."

मूळ एकच असताना कॅनाल दोन कसे? आधीच्या तीन एक्स-रेंमध्ये तो कुणालाच कसा दिसला नाही? आणि आता पुन्हा उघडून करून घ्यावं की दात काढूनच टाकावा? घरात दोन तट पडलेत.

गवतफूल
वाचतेय. माझ्याही उपदाढेचं पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे पोटात गोळा आलाय.

मूळशोध
मी रूट कॅनालचंच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. कळ नक्की त्याच दातातून येतेय ना, हे तपासलं का? शेजारच्या दाताला बारीक कीड असली तरी गार लागतं आणि आपल्याला वाटतं कॅपवालाच दुखतोय. प्रत्येक दाताला वेगवेगळा गार बोळा लावून बघायचा असतो. तिरप्या एक्स-रेत कॅनाल दिसलाय म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा तोच दोषी आहे. राहिलेल्या कॅनालमध्ये नस जिवंत असेल तर गार लागतं. पुढे ती मेली की गार लागायचं थांबतं आणि चावताना ठणका सुरू होतो. तुम्हाला सध्या दोन्ही होतंय, म्हणजे ती वाटेवर आहे.

आता 'मूळ एक, कॅनाल दोन'. उपदाढेचं मूळ समोरून बघितलं तर निमुळतं दिसतं, पण गालाकडून जिभेकडे ते चांगलं रुंद असतं, चपट्या पट्टीसारखं. त्या रुंदीत आतली पोकळी एकच लांबट फट असू शकते, दोन वेगळ्या नळ्या असू शकतात, किंवा वर एक आणि खाली दोन. व्हर्टुची या दंतसंशोधकांनी रुग्णांचे काढून टाकलेले दात पारदर्शक करून, आत रंग सोडून या रचना बघितल्या आणि १९८४ मध्ये त्यांचे आठ प्रकार मांडले. पहिला प्रकार सरळ एकच नळी. दुसऱ्यात दोन निघतात आणि टोकाआधी एक होतात. तिसऱ्यात एकाची दोन होऊन पुन्हा एक. चौथ्यात दोन शेवटपर्यंत वेगळ्या. पाचव्यात एक निघते आणि टोकाजवळ दोन फाटे फुटतात. सहावा आणि सातवा म्हणजे जुळणं-फुटणं-जुळणं यांचे आणखी गुंतागुंतीचे खेळ, आणि आठव्यात तीन स्वतंत्र नळ्या.

खालच्या पहिल्या उपदाढेत, म्हणजे तुमच्याच दातात, त्यांना सुमारे ७४ टक्के दातांच्या टोकाशी एक कॅनाल मिळाला आणि २५.५ टक्क्यांत दोन. तिच्याच शेजारणीत, खालच्या दुसऱ्या उपदाढेत, दोनचं प्रमाण फक्त २.५ टक्के. लोकसमूह आणि तपासण्याची पद्धत बदलली की हे आकडे बरेच हलतात, पण या दोन शेजारणींमधला फरक जवळपास सगळीकडे दिसतो.

उलटातपास
डॉक्टर, चारातल्या एका दातात दोन कॅनाल असतील तर याला दुर्मीळ कसं म्हणायचं? दर चौथ्या रुग्णाला हे होणार हे माहीत असताना शोधलं नाही, तर ती चूकच. पाऊलवाट यांनी पहिल्या डॉक्टरांकडे जाब मागावा असं माझं स्पष्ट मत आहे. दोनदा तक्रार करूनही 'वेळ द्या' हे उत्तर मला पटत नाही.

मूळशोध
@उलटातपास, दुर्मीळ मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. दोनदा तक्रार आल्यावर कोन बदलून एक्स-रे घ्यायला हवा होता, हेही मान्य. पण मुळात कॅनाल सापडला नाही यावर लगेच ठपका ठेवायला मी तयार नाही. या दातात तो हाताला लागणं खरोखर अवघड असतं. कारण सांगते.

खालच्या पहिल्या उपदाढेचा वरचा भाग जिभेकडे झुकलेला असतो. आपण वरून मधोमध छिद्र पाडून फाइल (कॅनाल साफ करायची सुईसारखी बारीक कानस) घातली की ती त्या झुकावामुळे आपोआप गालाकडच्या कॅनालमध्ये सरळ उतरते. काही अडत नाही, टोकापर्यंत जाते, लांबी मोजणारं यंत्रही बरोबर आकडा दाखवतं. सगळं छान. दरम्यान दुसरा कॅनाल मुळाच्या मध्यावर किंवा त्याहून खाली, जिभेकडच्या भिंतीतून काटकोनाच्या जवळपास फुटलेला असतो. सरळ फाइल त्याच्या तोंडावरून निघून जाते, तिला पत्ताही लागत नाही. तो शोधायचा तर छिद्र जिभेकडे वाढवावं लागतं, आणि सगळ्यात बारीक फाइलीचं टोक वाकवून त्या भिंतीवरून वर-खाली चाचपावं लागतं. टोक कुठेतरी 'अडकल्यासारखं' झालं की समजायचं, इथे काहीतरी आहे. कधी पाच मिनिटांत सापडतं, कधी तासभर.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका जुन्या अभ्यासात रूट कॅनाल फसण्याचं सर्वाधिक प्रमाण याच दाताचं निघालं होतं, ११.४५ टक्के. तोंडात मोठमोठ्या तीन-चार कॅनालवाल्या दाढा असताना या छोट्या दातानं पहिला नंबर पटकावला.

सदाफुली
म्हणजे एवढासा दात आणि आत वडाचं झाड! :-)

तिरपा_किरण
एक्स-रेबद्दल मी लिहितो, दिवसभर तेच काम असतं.

नेहमीचा एक्स-रे गालाकडून सरळ घेतला जातो. उपदाढेचे दोन कॅनाल असतात एक गालाकडे, एक जिभेकडे, म्हणजे बरोबर एकामागे एक. रांगेत पुढचा माणूस उभा असला की मागचा दिसत नाही, तसं. पाऊलवाट यांच्या आधीच्या तीन एक्स-रेंमध्ये हेच झालं असणार. शंभर काढले असते तरी त्याच कोनातून काढले असते तर दिसलं नसतं.

उपाय म्हणजे नळी साधारण २० अंश पुढे किंवा मागे सरकवायची. मग दोन्ही कॅनाल एकमेकांपासून सुटतात. कुठला कोणता हे ओळखायला आमच्या सरांनी शिकवलेलं सूत्र आहे: 'जीभ सोबत, गाल उलट'. नळी ज्या दिशेला सरकली त्याच दिशेला जिभेकडची वस्तू चित्रात सरकते, गालाकडची उलट दिशेला. ही पद्धत क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडली, आजही रोज कामाला येते.

दुसरी खूण सरळ एक्स-रेतही मिळते. कॅनालची काळी रेघ वरून ठळक येत असते आणि मुळाच्या मध्यावर एकदम पुसट होते किंवा गायबच होते. नवशिक्याला वाटतं कॅनाल बुजलाय. बऱ्याचदा तिथे एकाचे दोन फाटे झालेले असतात, म्हणून रेघ विरलेली दिसते. आणि फाइल आत असताना घेतलेल्या एक्स-रेत ती मुळाच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसली, तर दुसऱ्या कडेला कुणीतरी आहे असं समजून शोधायचं.

गवतफूल
'जीभ सोबत, गाल उलट' लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात विचारू का, तिरपा एक्स-रे घेणार का म्हणून? डॉक्टरांना राग नाही ना येणार?

मूळशोध
@गवतफूल, निर्धास्त विचारा. "किती कॅनाल अपेक्षित आहेत आणि किती मिळाले?" एवढंही विचारलंत तरी चालेल. माझ्याकडे कुणी असं विचारलं तर मला आनंद होतो. तुमची वरची की खालची?

गवतफूल
वरची. उजवीकडची पहिली.

मूळशोध
मग तिथे हिशेब उलटा आहे. वरच्या पहिल्या उपदाढेत दोन कॅनाल हाच नियम, एक गालाकडे, एक टाळूकडे, आणि बहुतेकदा मुळंही दोन. व्हर्टुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७९ च्या मोजणीत टोकाशी दोन कॅनाल ६९ टक्के, एक २६ टक्के आणि तीन ५ टक्के होते. तिथे एकच सापडला तर आम्हीच अस्वस्थ होतो.

पानगळ
त्या ५ टक्क्यांतला मी. वरची पहिली उपदाढ, तीन मुळं, तीन कॅनाल. डॉक्टरांनी तोंडाचं काम थांबवून एक्स-रे मला दाखवला होता. म्हणाले, ही दाढेची छोटी बहीण आहे, गालाकडे दोन आणि टाळूकडे एक, अगदी मोठ्या दाढेसारखी. त्यांना आधीच शंका आली होती, कारण एक्स-रेत मुळाचा मधला भाग वरच्या दाताइतकाच रुंद दिसत होता. एरवी मूळ खाली निमुळतं होत जातं ना, तसं ते होत नव्हतं.

गालाकडचे दोन कॅनाल एकमेकांना इतके खेटून होते की मायक्रोस्कोपखाली बघून मगच फाइल घातली. वेळ लागला, पण तो दात आज सहा वर्षं बिनतक्रार चालतोय.

मूळशोध
@पानगळ, तुमचे डॉक्टर जाणकार आहेत. मुळाच्या मध्याची रुंदी दाताच्या रुंदीएवढी किंवा जास्त दिसली तर तीन मुळांची शंका घ्यायची, ही खूण सिएरास्की आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये लिहून ठेवली आहे. छिद्राचा आकारही मग बदलावा लागतो. नेहमीचा लांबट गोल चालत नाही, गालाकडे रुंद असा त्रिकोणी करावा लागतो.

सरळमार्गी
एवढे कोन, खुणा, सूत्रं कशाला? सरळ सगळ्यांचा त्रिमितीय स्कॅन काढा. या स्कॅनमध्ये (सीबीसीटी) आडवे काप दिसतात, कॅनाल मोजून घ्या, विषय संपला. तंत्रज्ञान असताना अंधारात चाचपायचं कशासाठी?

तिरपा_किरण
@सरळमार्गी, सरसकट नको. स्कॅनमध्ये किरणांचा डोस साध्या दाताच्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनाल तज्ज्ञ) आणि रेडिओलॉजिस्ट संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त निवेदनातही साधा एक्स-रे आधी, आणि जादा कॅनाल किंवा गुंतागुंतीची रचना असण्याची शक्यता वाटली तर लहान क्षेत्राचा स्कॅन, असाच क्रम आहे. शिवाय आत आधीचा भरणा किंवा धातूची पिन असेल तर स्कॅनमध्ये तिच्याभोवती पांढरे-काळे पट्टे उमटतात आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. पाऊलवाट यांच्यासारख्या दुसऱ्यांदा करायच्या कामात मात्र स्कॅनचा खरंच उपयोग होतो, तिथे मी तुमच्या बाजूने.

सरळमार्गी
डोसचं लक्षात आलं नव्हतं. 'सगळ्यांचा' हा शब्द मागे घेतो.

चिमणपाखरू
थोडं अवांतर, पण उपदाढेचंच आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या खालच्या दुसऱ्या उपदाढेखाली हिरडीला फोड आला. दाताला कीड नाही, मार नाही, काही नाही. आम्ही चक्रावलो. डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या उपदाढांवर मध्यभागी एक छोटा टेंगळासारखा उंचवटा होता, तो चावताना मोडला आणि त्यातून जंतू आत गेले. दुसऱ्या बाजूच्या दातावर तसाच उंचवटा शाबूत आहे, तो त्यांनी बाजूने लेप लावून भक्कम केला. कुणाला असा अनुभव आहे का? मूळ अजून पूर्ण वाढलेलं नाही म्हणाले, त्यामुळे नेहमीचं रूट कॅनाल करता येत नाही.

मूळशोध
@चिमणपाखरू, अवांतर अजिबात नाही. या उंचवट्यात बऱ्याचदा नसेचं बारीक शिंग गेलेलं असतं. तो झिजला किंवा मोडला की कीड नसतानाही दात आतून मरतो. पूर्व आशियाई लोकांमध्ये हे जास्त दिसतं, पण कुणालाही असू शकतं. दुसऱ्या बाजूचा वेळीच भक्कम केला हे फार चांगलं झालं.

मूळ अर्धवट वाढलेलं असताना टोक नरसाळ्यासारखं उघडं असतं, भरणा थांबायला जागाच नसते. दोन मार्ग आहेत. एक, टोकाशी एमटीएसारख्या सिमेंटचा अडसर घालून मग वर भरायचं. दुसरा, आत जंतू मारून मुद्दाम थोडं रक्त येऊ द्यायचं आणि त्या गुठळीच्या आधारानं मूळ पुढे वाढू द्यायचं. या दुसऱ्या मार्गाला गती मिळाली ती २००१ मध्ये इवाया आणि सहकाऱ्यांनी, आणि २००४ मध्ये बँक्स आणि ट्रोप यांनी मांडलेल्या रुग्णांमुळे. दोन्ही ठिकाणी दात खालची दुसरी उपदाढच होती! जमलं तर भिंती जाड होतात, मूळ लांब होतं. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही, पण बारा वर्षांच्या मुलाच्या दातासाठी मी आधी त्याचा विचार करेन.

चिमणपाखरू
खूप आभार. आमच्या डॉक्टरांनी तुम्ही सांगितलेला दुसरा मार्गच सुचवलाय, आता घाबरायला होत नाही.

ओंजळभर
खालच्या दुसऱ्या उपदाढेचा विषय निघालाच आहे तर सावध करते. मला एका ठिकाणी "मुळाच्या टोकाशी काळा डाग आहे, जंतुसंसर्ग झालाय, रूट कॅनाल करू" असं सांगितलं होतं. दात दुखत नव्हता, गार-गरम व्यवस्थित कळत होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी कोन बदलून एक्स-रे काढला तर डाग मुळापासून दूर सरकला. तो जबड्यातून नस बाहेर येते त्या छिद्राचा होता. दात ठणठणीत! आजही आहे.

तिरपा_किरण
+१. खरा संसर्ग असेल तर नळी कशीही सरकवा, डाग मुळाच्या टोकाला चिकटूनच राहतो. छिद्र असेल तर सरकतं.

मूळशोध
आणि याच छिद्रामुळे तिथे काम करताना जपावं लागतं. धुण्याचं औषध किंवा भरण्याचा लगदा टोकाबाहेर ढकलला गेला तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो.

उलटातपास
मूळ प्रश्न बाजूला पडला. पाऊलवाट यांनी दात काढावा की ठेवावा? मी तरी काढून इम्प्लांट करेन. एकदा फसलेल्या दातावर पुन्हा वेळ आणि पैसा का घालायचा?

पानगळ
नाही पटलं. दात फसलेला नाही, काम अर्धं राहिलंय. एका खोलीची साफसफाई राहिली म्हणून घर पाडतात का?

मूळशोध
@पानगळ यांच्याशी सहमत. कारण सापडलंय आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे. मुळाला उभी चीर गेली असती तर मी स्वतः काढा म्हटलं असतं. हिरडीत एकाच अरुंद जागी खोल खिसा लागतोय का, ते त्या बाईंनी तपासलं असेलच, तरी विचारून घ्या. चीर नसेल, भिंती जाड असतील, तर स्वतःचा दात ठेवावा. इम्प्लांट पुढे कधीही करता येतं, काढलेला दात परत येत नाही.

तयारी म्हणून सांगते: आधीचा गट्टापर्चाचा (रबरासारख्या पदार्थाचा) भरणा काढावा लागेल, कारण दुसरा फाटा त्याच नळीच्या भिंतीतून फुटला असेल. या दाताच्या मुळाला जिभेकडच्या अंगाला कधीकधी खोल खाच असते, तिथे भिंत पातळ असते. म्हणून फार खरवडायचं नाही. मोठ्या फाइलीपेक्षा औषधाने धुण्यावर भर द्यायचा.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहितेय, कारण काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दात ठेवला. आधी शेजारच्या दोन्ही दातांना गार लावून बघितलं, ते व्यवस्थित होते. हिरडीत खोल खिसा नव्हता. छोटा स्कॅन केला, त्यात मुळाच्या मध्याच्या जरा खाली जिभेकडे फाटा स्पष्ट दिसला. @मूळशोध, तुमचा पाचवा प्रकार! डॉक्टर म्हणाल्या, इंग्रजीतलं छोटं 'एच' अक्षर डोळ्यासमोर आणा, उभी रेघ म्हणजे गालाकडचा कॅनाल आणि फाटा म्हणजे जिभेकडचा.

कॅप काढली, जुना भरणा काढला, मायक्रोस्कोपखाली छिद्र जिभेकडे वाढवलं. वाकवलेल्या बारीक फाइलीला बराच वेळ काही सापडेना. मी डोळे मिटून पडले होते. मग त्यांनी आत धुण्याचं औषध भरून ठेवलं आणि एका ठिकाणाहून बुडबुडे यायला लागले. त्या म्हणाल्या, जिथे नसेचा जुना अंश असतो तिथे हे औषध फसफसतं. तिथेच फाइल टेकवली आणि ती उतरली. त्या क्षणी मला बारीक कळ आली, म्हणजे आत अजून जीव होता. भूल वाढवावी लागली. त्या मात्र खुशीत होत्या, आणि खरं सांगू, मीही.

दोन बैठका, मध्ये तीन आठवडे औषध. कायमचा भरणा होऊन बारा दिवस झाले. गार लागत नाही. चावताना अजून किंचित जाणवतं, पण रोज कमी होतंय.

@उलटातपास, पहिल्या डॉक्टरांना स्कॅनचा फोटो पाठवला. जाब म्हणून नाही, त्यांना कळावं म्हणून. त्यांनी फोन करून माफी मागितली आणि कॅप पुन्हा मोफत करून देतो म्हणाले.

उलटातपास
हे वाचून बरं वाटलं. त्या डॉक्टरांबद्दलही.

गवतफूल
माझंही झालं! दोन कॅनाल, दोन्ही मिळाले. मी आकडा विचारला तर डॉक्टर हसले आणि पडद्यावर दोन्ही दाखवले. आता कॅपची गरज आहे का?

मूळशोध
@गवतफूल, हो, आणि लवकर. वरच्या उपदाढेचं मूळ पुढून मागे अरुंद असतं, चावण्याच्या पृष्ठभागावरची दोन टोकं चावताना एकमेकांपासून फाकतात, त्यामुळे ती उभी चिरण्याची भीती असते. कॅप त्या टोकांना बांधून ठेवते. आणि आधारासाठी पिन घालायची वेळ आली तर ती टाळूकडच्या मुळात. गालाकडच्या मुळाला आतल्या बाजूने खाच असते, तिथे भिंत पातळ.

@पाऊलवाट, फार छान झालं. किंचित जाणवणं काही आठवडे राहू शकतं. सहा महिन्यांनी एक्स-रे काढाल तेव्हा सरळ आणि तिरपा, दोन्ही घ्यायला सांगा, आणि तिरप्याचा कोन आत्ताच्यासारखाच ठेवा. नाहीतर हाड भरून आलंय की नाही याची तुलना करता येणार नाही.

पाऊलवाट
कोन विचारून फाइलवर लिहून घेतलाय. सहा महिन्यांनी इथेच कळवते.